प्रत्येक प्रकारातला एकच

रविवार, रात्रीचे साडेअकरा

दुपारी भाचीचा जर्मनीहून मेसेज आला. "मामा, माझी रूममेट पोलंडची आहे. तिला दर शनिवारी एक मराठी सिनेमा दाखवायचं कबूल करून बसलेय. प्रत्येक प्रकारातला एकच सांग. आणि 'आमच्या वेळी' सुरू करू नकोस."

पाच मिनिटांचं काम वाटलं होतं. चहा दोनदा गार झाला.

विनोदी सिनेमाचा प्रश्नच नव्हता. 'अशी ही बनवाबनवी', १९८८. पण लिहिता लिहिता थबकलो. पोलंडच्या मुलीला 'सत्तर रुपये वारले' कसं कळणार? वारणं आपण माणसांसाठी राखून ठेवलंय, ते रुपयांना लावलं की हसू फुटतं. सबटायटलमध्ये ते रुपये नुसतेच बुडणार. तरी नाव ठेवलं. म्हटलं, अशोक सराफ गप्प असताना काय काय करतो तेवढं बघ.

राजकीय सिनेमापाशी मात्र तासभर रेंगाळलो. 'सिंहासन' माझा जास्त लाडका, पण त्यातले मंत्री आणि त्यांचे गट समजावता समजावता भाचीचा शनिवार संपेल. म्हणून 'सामना'. साखर कारखान्याचा सर्वेसर्वा हिंदुराव आणि कुठून तरी आलेला दारुडा मास्तर, एवढ्यावर सगळा डोलारा. दिग्दर्शक जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, मास्तर झालेले श्रीराम लागू कान-नाक-घशाचे डॉक्टर, आणि या दोघांसमोर हिंदुराव झालेले, कधीकाळी माळीकाम केलेले निळू फुले. यात खरा पाटील कोण, हे विचारावं लागत नाही.

लिहिताना एक गंमत लक्षात आली. 'बनवाबनवी' आणि 'सामना', या दोन्ही सिनेमांतली लोकांच्या तोंडी बसलेली वाक्यं म्हणजे प्रश्नच आहेत. 'धनंजय माने इथेच राहतात का?' ऐकलं की आपण पुढचं ऐकायच्या आधीच हसतो. 'मारुती कांबळेचं काय झालं?' मात्र अजूनही ग्रामसभेत कुणी हिशेब मागितला की कानावर येतं, आणि समोरचा पंख्याकडे बघायला लागतो.

कोर्टाचा सिनेमा म्हणून 'कोर्ट'च. टेबलावर मुठी आपटणारे वकील बघायची सवय असलेल्यांना कंटाळा येईल, येऊ दे. सरकारी वकीलबाई आरोपीला अडकवण्यासाठी कलमं वाचून दाखवतात, आणि संध्याकाळी मुलाला घेऊन घरी जाऊन स्वयंपाकाला लागतात. त्यात खलनायक सापडत नाही, म्हणूनच जास्त भीती वाटते.

भयपटात मराठीची बाजू जरा लंगडी. 'झपाटलेला'मधल्या तात्या विंचूला मी लहानपणी जाम घाबरायचो, परवा पाहिला तर त्याची दयाच आली. शेवटी 'तुंबाड' लिहिला. सिनेमा हिंदी, पण नाव कोकणातल्या गावाचं आणि दिग्दर्शक राही अनिल बर्वे, तेव्हा मी खपवून घेतलं. त्यातला पाऊस बघताना अंगावरची चादरही ओलसर लागते.

लहान मुलाच्या नजरेतून म्हणाल तर 'किल्ला'. यावर जास्त बोलणार नाही, तो बघायचाच आहे.

मग 'फँड्री'. हा कुठल्या प्रकारात घालू, कळेना. डुक्कर पकडायला धावणारं कुटुंब शाळेतलं राष्ट्रगीत ऐकून जागच्या जागी उभं राहतं आणि डुक्कर निवांत निघून जातं. इथे हसलो होतो, आणि हसल्याबद्दल स्वतःचाच राग आला होता. 'प्रकार तूच ठरव' असं लिहून यादी पाठवली.

दहाला उत्तर आलं. "लव्ह स्टोरी कुठाय?"

मी उगाच जुनी नावं आठवत बसलो. ही झोपेतच म्हणाली, "सैराट पाठव की." तोही 'फँड्री'वाल्या नागराज मंजुळेचाच, एकाच दिग्दर्शकाचे दोन नकोत म्हणून मी तो टाळत होतो. पाठवला. आम्ही पाहिला तेव्हा शेवटी मागच्या रांगेतून कुणीतरी "आवाज, आवाज" असं ओरडलं होतं आणि मग एकदम गप्प झालं होतं. म्हणून खाली एक ओळ लिहिली: शेवटी आवाज गेला तर लॅपटॉपशी खटपट करू नका, तो मुद्दामच घालवलाय.