डोनट तळत का नाहीस, असं तुम्ही विचारलंत म्हणून

भिशीत विचारून झालं. गणपतीच्या आरतीनंतर विचारून झालं. न्यू जर्सीच्या वन्संनी व्हिडिओ कॉलवर विचारलं. परवा भाजीवाल्या भियानं कद्दू तोलता तोलता विचारलं, "भाभी, ये तल के नहीं बनते क्या?" त्याच्यापर्यंत ही बातमी कुणी पोचवली तेही मला ठाऊक आहे. शेजारच्या वहिनी त्याच्याच गाडीवरून भाजी घेतात.

प्रश्न एकच. भोपळ्याच्या डोनटचा एवढा खटाटोप करतेस, मसाला घरी कुटतेस, मग तळत का नाहीस? ओव्हनमधला डोनट म्हणजे मधे भोक पाडलेला केक.

उत्तरं मी पुष्कळ दिली. कोलेस्टेरॉल सांगितलं. तेलाचा भाव सांगितला. स्वयंपाकघराला चिमणी नाही म्हटलं. एकदा तर सिलेंडर संपत आलंय अशी थाप मारली, घरात पाइपाचा गॅस असताना. आता एकदाच खरं सांगते आणि मग हा विषय माझ्यापुरता बंद.

आधी तुमचं म्हणणं मान्य करते. इंदूरमध्ये राहून तळणीला नाही म्हणणं हे पंढरपूरला जाऊन विठोबाकडे पाठ करण्यासारखं आहे. सकाळी पोह्यांबरोबर जिलबी, चार वाजता कचोरी, थंडी पडली की तळलेला गराडू कंद. रात्री सराफ्यातली सोन्याचांदीची दुकानं मिटली की त्यांच्याच ओट्यांपुढे कढया चढतात आणि ताटाएवढा जलेबा निघतो. डोनटही मूळचा कढईतलाच. तेव्हा ओव्हनमधून काढून त्याला डोनट म्हणणं ही लबाडी आहे, हे मला तुम्ही सांगायला नको.

आरोग्याचं कारण मी सगळ्यात जास्त वापरलं. मागे भिशीत मी तळणीविरुद्ध जवळजवळ भाषणच दिलं होतं, आठवत असेल. त्या भाषण करणाऱ्या बाईला आता मलाच विचारायचंय: बाई गं, पिठात मैदाच आहे ना? त्यात 50 मिलिलिटर तेल कुणी ओतलं? आणि ओव्हनमधून निघाल्या निघाल्या वितळलेल्या लोण्यात बुचकळून दालचिनीच्या साखरेत लोळवतेस, ते काय उपासाचं? आईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, भोपळ्याचा घारगा कणकेचा आणि गुळाचा. दोन्ही ताटात शेजारी ठेवले तर कुणी कुणाला आरोग्य शिकवावं हा प्रश्नच आहे. तर ते कारण मागे घेतलं.

दुसरा टोमणा, की हे अमेरिकन खूळ घरात कशाला. हा मात्र मी ऐकून घेणार नाही. पंपकिन स्पाइस म्हणजे दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंग. तिकडचे लोक त्यात ऑलस्पाइस नावाचं एका झाडाचं वाळवलेलं फळ घालतात, मी घालत नाही, माझं अडलेलं नाही. बाकी सगळं सियागंजात एका दुकानात मिळतं. चार भाग दालचिनी, दोन सुंठ, एक जायफळ, अर्धा लवंग, संपलं. त्यात भोपळा नसतो, जसे पोह्यांवर भुरभुरायच्या जीरावन मसाल्यात पोहे नसतात. मॅककॉर्मिक कंपनीनं हा मसाला 1934 मध्ये ‘पंपकिन पाय’ नावाच्या भोपळ्याच्या गोड पदार्थासाठी डबीत भरून विकायला काढला. स्टारबक्सनं 2003 मध्ये त्याची कॉफी केली आणि त्या कॉफीत 2015 पर्यंत भोपळ्याचा अंशही नव्हता. आणि भोपळा म्हणाल तर तो मुळात अमेरिका खंडातलाच, आपण त्याला श्राद्धाच्या ताटापर्यंत नेला. वन्सं आणतात त्या डब्यातला भोपळा आणि आपला लाल भोपळा एकाच प्रजातीचे आहेत, फक्त डब्यातला आधीच आटवलेला असतो. योगायोग असा की तिकडे या मसाल्याचे दिवस सुरू होतात आणि आपल्याकडे पितृपक्ष लागतो. दोन्हीकडे भोपळाच.

हे सगळं मी लांबण लावत चालले आहे, कळतंय मला.

तळणीचं तेल साधारण 180 अंशांवर असतं. माझा ओव्हनही मी 180 वरच ठेवते. आकडा एकच. पण 180 च्या ओव्हनमध्ये हात घालून ट्रे पुढे ओढता येतो. तोंडावर गरम झोत येतो, इतकंच. 180 च्या तेलात बोटाचं टोक घालून बघा. हवा उष्णता देण्यात कंजूस आहे, तेलाचा हात सढळ. पीठ तेलात पडल्याबरोबर वरच्या थरातलं पाणी वाफ होऊन उडतं आणि कवच धरतं. खरपूस कड येते ती त्या सढळपणामुळे. ओव्हनच्या हवेला ते जमत नाही, म्हणून माझे डोनट मऊ राहतात आणि तुम्हाला केकसारखे लागतात. तुमची जीभ बरोबर आहे. आणि मी तळत नाही तेही ह्याच सढळपणामुळे.

सहा वर्षं झाली. सासऱ्यांची तिथी होती. तेव्हा आम्ही लोकमान्य नगरच्या जुन्या घरात होतो. पानाला बावीस माणसं आणि आमच्याकडे त्या दिवशी घारगे लागतात. आईंची पद्धत अशी: भोपळा हातानं किसायचा, गुळाबरोबर परतत बसायचं, किसातलं पाणी आटून तो कडेनं सुटायला लागला की उतरवायचा आणि त्या ओलीत जेवढी मावेल तेवढीच कणीक घालायची. पाण्याचा थेंब नाही. या सगळ्याला तास जातो. मी म्हटलं, "आई, किसत कशाला बसता? मी कुकरला लावते." तीन शिट्ट्या केल्या, भोपळ्याचं पिठलं झालं. वेळ वाचला म्हणून मी खूश. स्वयंपाकघरात माझं चाललं, याचं जास्त. हेही लिहूनच टाकते, कारण त्या सकाळचा माझा चेहरा मला आठवतो.

पीठ सैल झालं. आईंनी बोट लावून पाहिलं. "सैल आहे गं. अजून कणीक घाल, नाहीतर परत परतून घे." मी म्हटलं, "गुरुजी बाराला येतील." त्या काही बोलल्या नाहीत. गुरुजी पावणेएकला आले, पण ते नंतर.

पहिले दोन घारगे तेल पिऊन बसले. तिसरा केळीच्या पानाला चिकटला. ओढून काढताना दुमडला आणि तसाच मी तो कढईत सोडला. एका बाजूला जाड गोळा, दुसऱ्या बाजूला पापुद्रा. पापुद्र्याची बाजू टम्म फुगली. घारगा झाऱ्यानं दाबला की नीट फुगतो असं सगळ्या बायका करतात, म्हणून मी वाकून दाबायला गेले. आईंनी मागून माझा खांदा धरून मला मागे ओढलं. मला ओढताना त्यांचा दुसरा हात पुढे आला. मग फट्ट असा आवाज झाला. फार मोठाही नाही, लवंगी फटाक्याएवढा. अडकलेली वाफ फुटली आणि तेल त्यांच्या मनगटापासून कोपरापर्यंत गेलं.

त्या ओरडल्या नाहीत. "गॅस," म्हणाल्या. मी झारा धरून उभी. आतेसासूबाई टूथपेस्ट घेऊन धावल्या, कुणी बटाटा किसायला घेतला. गॅस बंद केला तो आमच्या ह्यांनी, तोवर घारग्याचा कोळसा झाला होता. दवाखान्यात डॉक्टर पहिल्यांदा टूथपेस्टवरच चिडले. वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली हात धरायचा, दुसरं काही लावायचं नाही, एवढं कुणाला ठाऊक नव्हतं? बावीस माणसांत कुणालाच नव्हतं. हात सुजला होता. पाटली निघेना, ती कापून काढावी लागली. लग्नातली, सासऱ्यांनी केलेली.

"कसं झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझाच हात लागला कढईला," आई म्हणाल्या.

कढईचा काठ लागला तर असं भाजत नाही, हे डॉक्टरांनाही दिसत असणार. त्यांनी आईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि लिहायला लागले. घरी आल्यावर आईंनी सगळ्यांना तेच सांगितलं. फोनवर वन्संनाही तेच. मी शेजारी बसून ऐकत होते. मला कुणी विचारलंच नाही, हा माझा बचाव. हा बचाव सहा वर्षं पुरवून पुरवून वापरला. वन्सं, तुम्ही हे वाचत असाल, तर आईंचा हात कढईला लागला नव्हता. कुकरच्या तीन शिट्ट्या माझ्या होत्या.

पुढच्या दिवाळीला आईंनी लांब बाह्यांचं पोलकं घालून अनारसे तळले. मी तेव्हापासून कढईत पापडसुद्धा तळलेला नाही, विस्तवावर भाजते. शेजारी फोडणी तडतडली तरी मान मागे जाते. आता तुम्ही म्हणाल, भाजलं त्यांना आणि भीती तुला. हेच मी स्वतःला सांगत असते. मग वाटतं, ही भीती नाहीच. मग कढई पाहिली की वाटतं, भीतीच आहे. यातलं खरं कुठलं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

वर्षानं वन्सं आल्या तेव्हा डोनटचा साचा घेऊन आल्या, सहा खळग्यांचा. भोपळ्याचा एक डबाही होता. डबा संपल्यावर मी इकडचा भोपळा आणला आणि पहिला घाणा चिक्क झाला, वरून भाजलेला आणि आत लापशी. पाणी. पुन्हा तेच पाणी.

तर कृती विचारणाऱ्यांसाठी: भोपळा कुकरला लावू नका. मोठ्या फोडी करून ओव्हनमध्येच भाजा, कडा काळसर होईपर्यंत. गर काढून मलमलच्या फडक्यात बांधा आणि श्रीखंडाच्या चक्क्यासारखा रात्रभर टांगून ठेवा. सहा डोनटना 125 ग्रॅम मैदा, 120 ग्रॅम गर, 80 ग्रॅम पिठीसाखर, 60 ग्रॅम दही आणि ते मघाचं 50 मिलिलिटर तेल. चमचाभर बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा, दीड चमचा मसाला, चिमूट मीठ. घरात अंडं चालत नाही म्हणून दही, दह्याच्या आंबटपणावर सोडा उठतो. मैदा घातल्यावर फार ढवळू नका, चिवट होतात. धुतलेल्या दुधाच्या पिशवीचं टोक कापून तिनं साच्यात भरा, खळग्याच्या दोन तृतीयांशच. जास्त भरलं तर फुगून मधलं भोक बुजतं, मग खरोखरच केक होतो आणि मला बोलायला जागा राहत नाही. 180 वर बारा मिनिटं. ओव्हनच्या बटणावर भरवसा ठेवू नका, आत ठेवायचा छोटा थर्मामीटर मिळतो. माझं बटण वीस अंश खोटं बोलतं.

भोपळाच का, दुसरं काही कर ना, असं शेजारच्या वहिनी म्हणतात. केळ्याचे करून पाहिले. चांगले झाले. परत केले नाहीत.

यंदाच्या तिथीला घारगे आईंनीच केले, एकट्यानं, किसून. मी त्या वेळी गॅलरीत वाळलेले कपडे काढत होते. कपडे चारच होते. डोनट आदल्या दिवशीचे होते, मुलांसाठी. आईंनी अर्धा खाल्ला. "केक आहे," म्हणाल्या. "बरा आहे, पण केक आहे." पुण्याहून आलेल्या चुलत जाऊबाईंनी लगेच धागा पकडला, "तेच तर मी म्हणते, तळत का नाही ही?" आईंनी पाण्याचं भांडं पुढे ओढलं. "तिला जमतं तसं करते," एवढंच म्हणाल्या. त्यांना माझं सगळं कळलंय की नुसतं पाहुण्यांसमोर सुनेला सांभाळून घेतलं, याचा मी दोन दिवस विचार केला. विचारलं नाही.

परवा पुन्हा भोपळा आणला. गराचं गाठोडं सिंकवरच्या नळाला टांगलं होतं. आई चहाला उठल्या. जाता जाता त्यांनी गाठोडं खालून मुठीत धरून दाबलं, त्याच हातानं. बोटांतून पिवळं पाणी सिंकमध्ये गेलं.

"अजून आहे यात," म्हणाल्या आणि आधण ठेवलं.

मी आणखी तासभर टांगून ठेवलं.