जक्कयाची दोन खाती

छपाईच्या धंद्यात माप मारायचे असेल तर तराजूला हात लावावा लागत नाही, ते कागदातच मारता येते. दरपत्रकात ऐंशी जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटरला ऐंशी ग्रॅम वजनाचा) कागद लिहायचा आणि छपाई सत्तर जीएसएमवर करायची. बोटांना हा फरक कळण्यासाठी वर्षानुवर्षे कागद हाताळलेला असावा लागतो; स्मरणिकेची किंवा पावतीपुस्तकांची ऑर्डर देणाऱ्या माणसाला तो सहसा कळत नाही. आम्हाला कागद वजनाच्या हिशेबाने मिळतो, त्यामुळे प्रत्येक रिमामागे कागदाच्या किमतीचा सुमारे आठवा हिस्सा छापखान्याच्या मालकाकडे राहतो. नागपुरात महालातल्या एका गल्लीत गेली बावीस वर्षे मी लहानसा छापखाना चालवतो, आणि मापातले हे पाप मी केलेले आहे. टाळेबंदीनंतर, म्हणजे २०२० पासूनच्या दोन वर्षांत, काम निम्म्यावर आले होते आणि मशिनचे हप्ते थांबत नव्हते, हे त्यामागचे कारण होते. परंतु ज्यांनी ऐंशीचे पैसे मोजले त्यांना या कारणाचा काही उपयोग नव्हता.

बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात अशी आज्ञा आहे की आपल्या थैलीत एक जड आणि एक हलके अशी दोन प्रकारची वजने ठेवू नयेत. ही आज्ञा मी लहानपणी शब्बाथ शाळेत पाठ केली होती. तिच्यातली सूक्ष्म गोष्ट मला पन्नाशीत उमगली. शास्त्र हलके वजन वापरण्यापुरते बोलत नाही, ते थैलीत ठेवण्यालाच हरकत घेते, कारण थैलीत असलेली वस्तू अडचणीच्या दिवशी हातात येतेच. माझ्या गोदामात ऐंशीच्या गठ्ठ्याशेजारी सत्तरचा गठ्ठा, वर काही न लिहिता, रचलेला असे.

आमची मंडळी, म्हणजे आमचे चर्च, नागपुरातल्या सदर भागातली. तेथे पैशाविषयी पुष्कळ बोलले जाते, परंतु ते जवळजवळ सर्व देण्याविषयी असते. देवाला द्यायचा दशांश किती आणि कशावर काढावा, कापणीच्या सणाला कोणी काय आणले, लिलावात एका भोपळ्याला कोणी किती बोली लावली, छपराच्या दुरुस्तीसाठी कोणाचे पाकीट आले, हे सारे आम्ही आनंदाने बोलतो. त्या लिलावात पाचपट किंमत देऊन कोथिंबिरीची जुडी घेणारी माणसे मला मनापासून प्रिय आहेत. मात्र तो पैसा मिळवला कसा, हा प्रश्न व्यासपीठावरून मी फार थोड्या वेळा ऐकला आहे. अर्पणाची पिशवी समोर येते तेव्हा आत पडणाऱ्या नोटेचा मागचा प्रवास कोणी विचारत नाही, आणि विचारू नये हा शिष्टाचारही आहे. प्रेषितांच्या काळात असा शिष्टाचार नव्हता. बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात, शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे, असे स्पष्ट लिहिले आहे.

या विषयावर माझे डोळे उघडले ते जक्कयाच्या गोष्टीने. यरीहोचा हा मुख्य जकातदार उंबराच्या झाडावर चढला, येशू त्याच्या घरी उतरला, आणि त्याने आपले अर्धे द्रव्य गरिबांना देऊन टाकले, एवढे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच्या तोंडी दोन वाक्ये आहेत आणि आम्ही बहुधा पहिल्यावरच थांबतो. अर्धे द्रव्य गरिबांना, हे झाले दान. त्यानंतर तो म्हणतो की अन्यायाने कोणाचे काही घेतले असेल तर ते चौपट परत करतो. हे दान नव्हे, ही परतफेड आहे, आणि ती गरिबांना द्यायची नाही, ज्याचे घेतले त्यालाच द्यायची आहे. जक्कयाने दोन खाती वेगळी ठेवली. मोठे दान दिले म्हणून फसवलेल्या माणसाचा हिशेब त्याने मिटलेला धरला नाही. धंद्यात असलेल्या आम्हा ख्रिस्ती लोकांची मोठी चूक नेमकी येथे होते, असे माझे ठाम मत आहे. दानाच्या खात्यातली जमा दाखवून आम्ही दुसऱ्या खात्यातली उधारी बुजवतो.

चौपटीचा आकडाही त्याने सहज उच्चारलेला नाही. स्वतःहून पाप कबूल करणाऱ्याने मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा द्यावा, असा नियम बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात आहे. चोरलेले मेंढरू कापले किंवा विकले तर एकाबद्दल चार द्यावीत, असा निर्गम या पुस्तकातला नियम आहे. जक्कयाने आपल्यासाठी कबुलीची सवलत न मागता चोराचा दंड लावून घेतला. जकातीच्या नाक्यावर बसून कायद्याच्या आडून घेतलेल्या पैशाला त्याने चोरी म्हटले. आणि हिशेब करून पाहिला तर, अर्धी संपत्ती वाटून झाल्यावर उरलेल्या अर्ध्यातून चौपट फेड करायची म्हणजे लुबाडलेली रक्कम एकूण संपत्तीच्या आठव्या हिश्शाहून अधिक असती तर त्याला ती पुरी पडली नसती. तेव्हा हे बोलताना त्याने आपली वही मनातल्या मनात चाळली असावी, असे मला वाटते.

माझी वही उघडायला मात्र वेगळा प्रसंग लागला. एका नावाजलेल्या संस्थेचा वार्षिक अहवाल मी छापला होता. त्यात अन्नदानाची रंगीत छायाचित्रे होती आणि माझे बिल सात महिने थकले होते. त्या चीडीत मी याकोबाचे पत्र घरात मोठ्याने वाचून दाखवत असे. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे पंचेचाळीस दिवसांच्या आत देण्याचे बंधन २००६ च्या कायद्याने घातलेले आहे, हेही येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत असे. त्याच आठवड्यात आमच्याकडे घडी आणि शिलाईचे काम करणाऱ्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या फर्मे, म्हणजे छापलेले मोठे कागद, घरी नेतात, दोन्ही मुली हाताखाली घेऊन घड्या घालतात आणि नगावर पैसे घेतात. जूनचा तिसरा आठवडा होता. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा उघडतात आणि वह्यापुस्तकांचा खर्च तेव्हा अंगावर येतो. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, मागचं जे राह्यलं होतं ना, ते भेटलं असतं तं बरं झालं असतं."

मार्चपासूनचे त्यांचे पैसे राहिले होते. रक्कम माझ्या दृष्टीने इतकी लहान होती की ती मी विसरलो होतो. मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, कारण तो गरीब असतो आणि त्याचा जीव तिच्यात अडकलेला असतो, असे शास्त्र म्हणते. सूर्य किती वेळा मावळला होता ते मी मोजले नाही. श्रीमंताने गरिबाचे एकुलते मेंढरू हिरावल्याची नाथान संदेष्ट्याने सांगितलेली गोष्ट ऐकून दावीद राजा संतापला होता, त्या माणसाने चौपट भरून द्यावे असा निवाडाही त्याने केला होता, आणि मग "तो मनुष्य तूच" हे शब्द त्याच्यावर आले. मी सात महिन्यांचा हिशेब सांगत हिंडत होतो आणि माझ्या दारात तीन महिन्यांचा हिशेब उभा होता.

मेथॉडिस्ट चळवळीचे जॉन वेस्ली यांच्या १७६० साली प्रसिद्ध झालेल्या प्रवचनातले तीन नियम आमच्याकडे पुष्कळदा सांगितले जातात: जितके मिळवता येईल तितके मिळवा, जितके वाचवता येईल तितके वाचवा, जितके देता येईल तितके द्या. व्यापारी मंडळींना पहिला नियम विशेष आवडतो. परंतु त्या पहिल्याच नियमाला वेस्लींनी किती कुंपणे घातली आहेत, हे सांगायचे राहून जाते. आपल्या किंवा शेजाऱ्याच्या शरीराला, मनाला, मालमत्तेला इजा करून मिळवू नये. शेजाऱ्याचा धंदा बुडावा म्हणून बाजारभावापेक्षा कमी दराने विकू नये. त्याला गरज असलेले कामगार फोडून आणू नयेत. छपाईच्या निविदा भरणाऱ्या कोणालाही यातले दुसरे कुंपण किती उंच आहे ते लगेच कळेल. कागदाच्या खर्चाखाली दर भरणारा माणूस पुढे सत्तरचा गठ्ठाच उघडणार असतो.

देण्याची परंपरा मी कमी लेखत नाही. तिच्यावर तर आमचे सारे उभे आहे. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले ते कामठीच्या छावणीशी संबंध असलेल्या एका लष्करी अधिकाऱ्याच्या देणगीतून सुरू झालेल्या मिशनसाठी, आणि त्यांच्या नावाचे महाविद्यालय १८८३ पासून या शहराला शिकवत आहे. छापखानेवाला म्हणून मला बंगालमधल्या श्रीरामपूरचे (सेरामपूरचे) मिशनरी विल्यम कॅरी यांचे उदाहरण अधिक जवळचे वाटते. मराठीचे व्याकरण त्यांनी १८०५ मध्ये छापले, नवा करार १८११ मध्ये. कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड यांनी फोर्ट विल्यम कॉलेजचा पगार, शाळांचे उत्पन्न आणि छापखान्याचे उत्पन्न एकाच सामाईक थैलीत टाकले आणि स्वतःसाठी खर्चापुरते ठेवले. ते धंदा करत होते, चांगल्या रीतीने करत होते, आणि धंदा व सेवा यांच्यामध्ये त्यांनी भिंत बांधली नव्हती.

आजकाल मोबाइलवर येणाऱ्या काही संदेशांत मात्र बीज पेरा आणि शंभरपट घ्या, असे सांगून खाली क्यूआर कोड दिलेला असतो. "द्या म्हणजे तुम्हाला दिले जाईल" हे वचन तेथे नेहमी येते. त्याच्या अगोदरची ओळ दोष न लावण्याविषयी आणि क्षमा करण्याविषयी आहे, ती येत नाही. दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे अगदी हलकी नाणी, टाकणाऱ्या विधवेची गोष्टही अशीच अर्धी सांगितली जाते. मार्काच्या बाराव्या अध्यायात तिच्या लगेच आधी, विधवांची घरे गिळंकृत करून लांब प्रार्थना करणाऱ्यांचा धिक्कार आहे. तिची निष्ठा थोरच आहे, पण तिच्याजवळ दोनच टोल्या का उरल्या, हेही त्याच पानावर लिहिलेले आहे. प्रेषित पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा, एवढ्या मोठ्या रकमेबाबत कोणी दोष देऊ नये म्हणून, मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतला. प्रेषिताने स्वतःवर देखरेख मागून घेतली, ही गोष्ट आमच्या प्रत्येक समितीच्या सभेत वाचली जावी.

काकूंचे पैसे मी त्याच दिवशी दिले, आणि आता शनिवारी संध्याकाळी शटर ओढण्याआधी बांधणीचा हिशेब पुरा होतो. सत्तरच्या गठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात सत्तर लिहिले आहे. जुन्या चलनांच्या फायली काढून त्या दोन वर्षांतली कामे शोधली, ती अकरा निघाली. चौपट देण्याची ऐपत माझ्यात नव्हती. गणनातला नियम धरून मुद्दल आणि पाचवा हिस्सा एवढे पाकिटात घालून मी एकेका ग्राहकाकडे गेलो. एकाने पाकीट न उघडता परत दिले, मी ते पुन्हा त्याच्या टेबलावर ठेवले. एकाने पुढचे काम दुसरीकडे देणार असल्याचे सांगितले; तो त्याचा हक्क होता. आठ जणांचे देऊन झाले. एका ग्राहकाचा पत्ता अजून शोधतो आहे. दोघे वारले आणि त्यांच्यामागे कोणी नाही. ज्याला परत द्यायचे तोही नाही आणि त्याचा आप्तही नाही, अशा वेळी ती रक्कम परमेश्वराची, असे त्याच अध्यायात पुढे म्हटले आहे. त्याप्रमाणे त्या दोघांची पाकिटे गेल्या रविवारी मी अर्पणाच्या पिशवीत टाकली. माझ्या वहीत ती दानाच्या पानावर लिहिलेली नाहीत.