डाव्या कोपऱ्यातलं शेवाळ

पहाटे सव्वासहाला काकांचा फोन आला. "अरे, सगळे मासे वर येऊन तोंडं उघडतायत. खाली एकही नाही." काका म्हणजे दादरचे माझे जुने गिऱ्हाईक, रेल्वेच्या परळ वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. मी त्यांना फोन काकूंकडे द्यायला सांगितला. "काकू, टाकीतलंच पाणी मगाने घ्या आणि फूटभर उंचावरून परत टाकीत ओता. मी येईपर्यंत थांबू नका." डोंबिवलीहून पोचायला पावणेआठ झाले. दार उघडंच होतं. काकू स्टुलावर उभ्या राहून अजून मग ओतत होत्या, ब्लाउजची बाही कोपरापर्यंत भिजलेली. पाणी वरून पडलं की हवा घेऊन खाली जातं. त्या दीड तासाने बरेच जीव वाचवले.

गेली 14 वर्षं मी घराघरांतल्या माशांच्या टाक्या सांभाळतो, पण तो डिसेंबरचा दिवस वेगळाच होता.

टाकी तीन फुटी: 36 इंच लांब, 15 रुंद, 18 उंच. इंचांचा गुणाकार करून 61 ने भागला की लिटर निघतात. इथे 159 येतात, पण खडी, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता खरं पाणी 130 लिटरच्या आसपास. आत दोन एंजल, दोन गुरामी, नऊ निऑन टेट्रा आणि सहा मिस्ट्री स्नेल, म्हणजे गोगलगाई. कित्येक वर्षं ही टाकी आरशासारखी होती. मग मागच्या दिवाळीनंतर पहिल्यांदा शेवाळ आलं. हिरवं, केसाळ, बोटाला गुंडाळलं तर लोकरीसारखं निघणारं. काढलं की आठवड्यात पुन्हा तेवढंच.

तेव्हा मी नेहमीचं सगळं केलं होतं. दिवा दहा तास चालायचा, तो टायमर लावून सहावर आणला. खाणं निम्मं केलं. दर रविवारी एक तृतीयांश पाणी बदललं. चिवट झुपक्यांवर हायड्रोजन पेरॉक्साइड मारलं. आपल्या मेडिकलमध्ये मिळतं ते 6 टक्क्यांचं असतं. त्यात तेवढंच पाणी घालून ते 3 टक्क्यांवर आणायचं, फिल्टर दहा मिनिटं बंद ठेवायचा आणि सिरिंजने थेंब थेंब झुपक्यावर सोडायचं, या टाकीला एका दिवसात 40 मिलीच्या वर नाही. एक गोष्ट मात्र मला खटकत होती. शेवाळ सगळीकडे नव्हतं. खिडकीकडच्या डाव्या कोपऱ्यात गच्च, मध्ये विरळ, उजवीकडे जवळपास नाहीच. फिल्टर उजव्या टोकाला होता, म्हणून मी ठरवलं की डावीकडे प्रवाह पोचत नाही, तिथे घाण साचते. एक छोटा पंप डावीकडे तोंड करून लावला. मार्चमध्ये शेवाळ गेलं. पंपाने काम केलं असं मी काकांना छातीठोकपणे सांगितलं.

यंदा दिवाळीनंतर ते परत आलं. त्याच कोपऱ्यात, पंप चालू असताना.

काका कंटाळले आणि कुणाच्या तरी सल्ल्याने शेवाळ मारायच्या औषधाची बाटली घेऊन आले. आदल्या संध्याकाळी त्यांनी ती ओतली होती, आणि लवकर फरक पडावा म्हणून मापाच्या दुप्पट. बाटलीवर बारीक अक्षरांत तांब्याचं संयुग लिहिलेलं होतं. तांबं शेवाळाला मारतं हे खरं, पण ते गोगलगाई आणि कोळंबीलाही सोडत नाही, आणि मऊ पाण्यात त्याचं विष जास्त भिनतं. मुंबईला भातसा-वैतरणा-तानशाचं पाणी येतं, ते मऊच असतं. इकडे मेलेलं शेवाळ रात्रभर कुजत होतं आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खात होतं. वनस्पतीही रात्री प्राणवायू वापरतात, त्यामुळे कुठल्याही टाकीत तो पहाटे सगळ्यात कमी असतो. त्यात फिल्टरचा स्पंज मेलेल्या धाग्यांनी बुजलेला, आणि घरघर नको म्हणून एअर पंप रात्री बंद. दोन्ही गुरामी तेवढ्या निवांत होत्या, कारण त्यांना पृष्ठभागावरची हवा थेट घेता येते. बाकी सगळे वर लटकलेले. सहाही गोगलगाई खडीवर उताण्या पडल्या होत्या.

आधी एअर पंप लावला, दोन एअर स्टोन सोडले. मग सायफनने कुजलेलं शेवाळ ओढत निम्मं पाणी काढलं. मेलेल्या गोगलगाई हाताने बाहेर घेतल्या; त्यांचा वास सांगून कळणार नाही, आणि एकही आत राहिली तर पाणी पुन्हा नासतं. नवं पाणी ड्रममध्ये घेऊन त्यात हायपोचे खडे विरघळवले, क्लोरीन मारायला. त्यात थोडं गरम पाणी घालून हाताला सारखं लागेपर्यंत जुळवलं. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळला, नळाखाली नाही, कारण त्यात राहणारे जीवाणूच अमोनिया पचवतात आणि नळाचं क्लोरीन त्यांना मारतं. फिल्टरमध्ये कोळशाची पिशवी ठेवली.

सव्वानऊला हे सगळं झालं. तोवर चार टेट्रा गेले होते. एंजल अजून वरच होते, पण कल्ल्यांची धडधड जरा कमी झाली होती.

एरवी मी निघून गेलो असतो. या घरी मी नेहमी संध्याकाळी सातनंतर येतो, कारण काका दिवसभर नातवाकडे असतात. त्या दिवशी मात्र तासाभराने पुन्हा पाणी बदलावं लागेल असं वाटलं, म्हणून टाकीसमोर खुर्ची टाकून बसलो. काकूंनी पोहे दिले.

दहाच्या सुमारास डाव्या काचेवर उन्हाची एक पट्टी आली.

आधी तिच्याकडे लक्ष गेलं नाही. मग पाहिलं, की त्या पट्टीत जे थोडे जिवंत हिरवे धागे उरले होते, त्यांच्या टोकांवर बुडबुडे धरू लागले. मोहरीएवढे, चंदेरी. एक सुटला, दुसरा सुटला, मग रांगच लागली. आणि हे फक्त पट्टीच्या आत. पट्टीच्या कडेपासून दोन बोटांवरच्या धाग्यांवर एकही बुडबुडा नव्हता. एंजलपैकी एक हळूहळू खाली उतरून त्या कोपऱ्यात गेला.

मी काकूंना विचारलं, "हे ऊन रोज येतं?"

"हो तर. थंडीत येतं. समोरची बिल्डिंग पाडली ना, तेव्हापासून. घरात किती उजेड झालाय बघ."

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. समोर निळे पत्रे लावलेला मोकळा प्लॉट. चार मजली इमारत होती तिथे, रिडेव्हलपमेंटला गेली. मागच्या वर्षी पावसाळ्यापर्यंत पाडून झाली होती. काकांची खिडकी दक्षिणेची. जूनमध्ये आपल्याकडे सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे कललेला असतो, तेव्हा त्या खिडकीतून ऊन आत शिरतच नाही. दसरा-दिवाळीनंतर तो दक्षिणेला खाली उतरतो; डिसेंबरच्या शेवटी मुंबईत भर दुपारीही जेमतेम 48 अंशांवर असतो, सकाळी तर त्याहून खाली. मग ऊन घरात खोल येतं. टाकी पश्चिमेच्या भिंतीला, तिचं डावं टोक खिडकीकडे. मार्चमध्ये शेवाळ माझ्या पंपाने गेलंच नव्हतं. सूर्य वर चढला म्हणून गेलं होतं.

आम्ही दिव्याचे तास सहावर आणले होते, आणि त्याच्या कितीतरी पट तेजाचा उजेड रोज फुकट आत येत होता.

काकांना हाक मारली. त्यांनी एक शब्दही न बोलता कपाटातून मार्कर आणि फूटपट्टी काढली. पट्टीच्या कडेवर काचेला रेघ मारली, शेजारी लिहिलं 10.05. मग 10.30. मग 11. ऊन खाली उतरत, सरकत राहिलं आणि बाराच्या आत खिडकीच्या भिंतीआड गेलं. तोपर्यंत काचेवर चार तिरक्या रेघा झाल्या होत्या. वर्कशॉपमधला माणूस, एका रेघेलाही कंप नव्हता. मधल्या वेळात मी आणखी तीन बादल्या पाणी बदललं.

टाकी हलवायचा विषय निघाला, पण पाणी-खडीसकट ती हलवली की तळाचा जोड उसवतो, आणि ती रिकामी करून हलवायची तर तो ताण सोसण्याएवढी ताकद त्या दिवशी माशांत नव्हती. पडदा लावा म्हणायला माझी जीभ रेटेना. काकूंना तो उजेड इतक्या वर्षांनी मिळाला होता. शेवटी काकांनी जाड काळा कार्डपेपर रेघांच्या मापाने कापला आणि डाव्या आणि पुढच्या काचेच्या तेवढ्याच भागावर बाहेरून चिकटवला. मी पुढच्या आठवड्यात हॉर्नवर्ट या पाणवनस्पतीच्या चार जुड्या आणून सोडल्या. ती भराभर वाढते आणि शेवाळाच्या तोंडचं खत खाते. काकूंनी आपल्या मनी प्लांटच्या दोन फांद्यांची मुळं टाकीत सोडली, पानं बाहेर. तीही तेच काम करतात.

आणखी एक टेट्रा दुसऱ्या दिवशी गेला. एंजल दोन दिवस उपाशी ठेवले, तिसऱ्या दिवशी दोन्ही खायला आले. शेवाळ जानेवारीअखेर इतकं कमी झालं की उरलेलं काका जुन्या टूथब्रशला गुंडाळून काढत.

रविवारी मी गेलो की ते भिंतीवरचं कॅलेंडर दाखवतात. दर रविवारच्या चौकोनात त्यांनी ऊन टाकीच्या तळापासून किती इंचांवर आहे ते लिहिलंय. आकडे उतरत जातात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी बारीक अक्षरांत लिहिलेलं आहे, "आज लागलं नाही. कागद काढला."