कायमची फर्स्ट शिफ्ट

आईच्या अंगावरून वारं गेलं, उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यातले दिवस कसेही निघतात. तिथं नर्स असते, पाहुणे डबा घेऊन येतात, सुपरवायझरसुद्धा "जा, आधी आईला बघ" म्हणतो. खरा प्रश्न पडतो तो तिला घरी आणल्यावर, कामावर परत जायच्या आदल्या रात्री. उद्या सकाळपासून हिच्याजवळ कोण?

मी बेळगावच्या उद्यमबागेत एका वर्कशॉपमध्ये सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचा ऑपरेटर आहे. घर वडगावात. बायको खडेबाजारात कापडाच्या दुकानात असते, दहाला जाते आणि यायला रात्रीचे नऊ होतात. पोरगा दहावीला. बहीण गडहिंग्लजला दिलेली. माणसं मोजली तर कमी नाहीत, पण दुपारी बाराला घरात कोण, असं विचारलं तर कोणीच नाही.

पहिल्यांदा सगळे रजेच्या मागं लागतात, तसा मीही लागलो. कारखान्याच्या कायद्यानं वीस दिवस कामाला एक दिवस पगारी रजा साठते. ती दवाखान्यातच उडाली होती. ईएसआयमधून, म्हणजे कामगार विमा योजनेतून काही मिळतं का विचारलं. ईएसआयची आजारपणाची भरपाई असते, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, पगाराच्या ७० टक्के, पण कामगार स्वतः आजारी असेल तर. आई आजारी म्हणून मुलाला त्यातून काही मिळत नाही. खाजगी कामगाराला आईबापाच्या आजारपणासाठी म्हणून वेगळी रजाच नाही. हे एकदा नीट कळलं ते बरं झालं, कारण मग मी रजा मागायचं सोडून वेळ मागायला लागलो.

ईएसआयचा उपयोग झाला तो दुसरीकडं. कामगारावर अवलंबून असलेले आईवडील त्यात बसतात. आईचं नाव कार्डावर आधीपासून होतं, म्हणून औषधं आणि मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी, दोन्ही त्यातून निघालं. ज्यांनी अजून आईबापाची नावं घातली नसतील त्यांनी हे वाचून झाल्यावर आधी तेवढं काम करावं. माझे ०.७५ टक्के कापतात, मालक ३.२५ टक्के भरतो. पगाराची मर्यादा २१,००० रुपये. मला धास्ती होती की ओटी (ओव्हरटाइम) धरून आकडा वर गेला तर कार्डच बंद होईल. अकाउंटवाल्यानं समजावून सांगितलं: मर्यादा बघताना ओटी धरत नाहीत, कपात मात्र ओटीवरही होते. आणि मध्येच पगार वाढून मर्यादा ओलांडली तरी एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च, जो सहामाही काळ चालू असेल तो संपेपर्यंत कपात चालू राहते. त्यानंतर कपात थांबते, आणि भरलेल्या वर्गणीवर दवाखान्याची सोय आणखी काही महिनेच मिळते. वर्षाची पगारवाढ जवळ आली की पोटात गोळा येतो, असा कामगार मीच एकटा नसेन.

आता शिफ्टचं. आमच्याकडं आठवड्याला शिफ्ट फिरायची. फर्स्ट सात ते साडेतीन, सेकंड साडेतीन ते बारा. फर्स्टच्या आठवड्यात बायको दहापर्यंत घरी, मी चारला घरी, म्हणजे मधले सहा तास कोणीतरी पाहिजे. सेकंडच्या आठवड्यात सगळं उलटं. सकाळी मी आहे, पण तीन ते नऊ रिकामं. पोरगा साडेपाचला येतो, पण आजीची कुशी बदलणं त्याच्या एकट्याच्या आवाक्यातलं नाही. आणि एक आठवडा सकाळी, एक आठवडा संध्याकाळी येईल अशी बाई वडगाव-शहापुरात शोधून मिळाली नाही. तिलाही तिचं घर आहे की. एकीनं तर तोंडावर सांगितलं, "दादा, तुझी ड्युटी फिरते तशी माझी चूल फिरत नाही."

सुपरवायझरला कायमची फर्स्ट मागितली. तो म्हणाला, एकाला दिलं की सगळे मागतील. त्याचंही खोटं नाही. सेकंड कोणाला हवी असते? पण हवी असलेला एक निघाला. आमच्यातला एक जण येळ्ळूरचा, घरची भातशेती. त्याला सकाळ मोकळी पाहिजे होती. कँटीनला चहा पिताना तोच म्हणाला, "तू फर्स्ट घे, मी सेकंड बघतो. मला सकाळी रानात जायला गावतंय." दोघांनी एकाच कागदावर अर्ज लिहिला, दोघांच्या सह्या, खाली एक ओळ: कोणाची तक्रार आल्यास जुनी पद्धत चालू करावी. ती ओळ मुद्दाम घातली. साहेबाला नाही म्हणायला जागा उरली नाही. माझा सेकंडचा भत्ता गेला, ओटी जवळजवळ गेली. ते नुकसान घरात हिशेब मांडूनच पत्करलं.

वेळ पक्की झाली तशी बाईही मिळाली, आम्ही तिला मावशी म्हणतो. येळ्ळूरकडचीच. साडेनऊच्या बसनं येते, चारला परत. जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना साध्या बसचं तिकीट नाही, म्हणून तिला रोजचं येणं परवडतं, नाहीतर मी महिन्याला देतो त्या सहा हजारांतले किती भाड्यातच गेले असते. माझ्या बहिणीला मात्र ही सोय नाही. तिकडं महाराष्ट्राच्या एसटीत अर्धं तिकीट, ते हद्दीपर्यंत. इकडच्या बसमध्ये आधार कार्ड महाराष्ट्राचं म्हणून पूर्ण. आईला बघायला येताना एवढी सीमा तिला दर खेपेला ओलांडावी लागते.

मावशीला पहिल्याच दिवशी पगार, रविवारची सुट्टी आणि सणाच्या सुट्ट्या सांगून टाकल्या. "घरच्यासारखी समज" असं म्हणून कमी पैशात राबवायची पद्धत मला पटत नाही. घरच्यासारखी समजायची तर घरच्यासारखा ताटात वाटाही द्यावा लागतो.

मशीनवर शिफ्ट बदलताना आम्ही वही लिहितो: कुठला जॉब, इन्सर्ट (कापायचं पातं) कधी बदलला, माप किती आलं. तशीच एक वही आईच्या खाटेला सुतळीनं बांधली. कुशी किती वाजता बदलली, डावी की उजवी, लघवी, गोळ्या, बीपी, काय खाल्लं. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर कंबरेखाली कातडी लाल होते आणि तिथूनच जखम सुरू होते. मावशीला लिहिता येत नाही, ती नुसत्या रेघा मारते, डावीकडं झुकलेली आणि उजवीकडं झुकलेली. चारला आलो की वही बघून मला कळतं, विचारायला लागत नाही.

जेवणाचंही एक सांगतो. आम्हाला वाटायचं पाणी सोपं, ते आधी पाजावं. उलट आहे. गिळायला त्रास असलेल्याला पातळ पाण्याचाच ठसका लागतो. नाचणीची आंबील दाट करून, बसतं करून, हनुवटी थोडी खाली घेऊन, छोट्या चमच्यानं. एक घोट गिळल्याची खात्री झाल्याशिवाय दुसरा नाही. नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. वाटीभर आंबिलीला पाऊण तास लागतो. सकाळी सातला पंच मारायचा असला की हा पाऊण तास पहाटे पाचला काढावा लागतो.

सगळ्यात अवघड काम कुठलं म्हणाल तर चार ते नऊमध्ये आईचं डायपर बदलणं. ते मलाच करावं लागतं. सुरुवातीला ती डाव्या हातानं चादर घट्ट धरून ठेवायची, सोडायचीच नाही. बोलता येत नाही, एकच शब्द राहिलाय, "तेच". पाणी म्हणजे तेच, पंखा म्हणजे तेच, नको म्हणजेही तेच. मावशीनं तोड काढली. वरून जुनं लुगडं टाकायचं आणि खालून हातानंच काम करायचं, न बघता. तेव्हापासून चादर सुटली. पुरुषानं हे करू नये असं गल्लीत बोलणारे होते. त्यांतला एकही तासभर बसायला आला नाही.

पैशाचं एक अडलं होतं. रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख आई, त्यामुळं कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे २,००० तिच्या खात्यात. सही उजव्या हाताची, तो हात गेला. बँकेत काउंटरवर म्हणाले, त्यांना इथं घेऊन या. रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे की आजारी खातेदाराचा अंगठा चालतो, अंगठा नसेल तर पायाचाही, दोन साक्षीदार लागतात आणि त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. हे मी शांतपणे लिहून दिलं. मग एक अधिकारी दुपारी घरी आले, डावा अंगठा घेतला, चहा घेतला आणि गेले.

अपंगत्वाच्या दाखल्याला डॉक्टरांनी सहा महिने थांबायला सांगितलं, त्याआधी किती सुधारणार ते ठरत नाही. ४० टक्के किंवा त्याच्या पुढं असलं तर दाखल्याचा उपयोग. नाडकचेरीतले (इथल्या महसूल कार्यालयातले) अर्ज कन्नडमध्ये, ते पोरगा वाचून भरतो. सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, लागेल तेव्हा लागेल. अर्ज त्या आठवड्यातच द्यायचा होता.

आता भात कापणी येईल. सुगीत येळ्ळूरच्या त्याला दिवसभर रान, संध्याकाळी मळणी, त्यामुळं तेवढे दिवस तो रजेवर आणि सेकंड माझ्याकडं. मावशीही सुगीत यायची नाही, तिलाही शेतात रोजगार आहे. बहिणीला फोन केलाय. जावा-जावांत विचारून कळवते म्हणाली.