तुम्ही विचारलंत म्हणून: आजीनं खरंच डवरा धरला होता का?

हो, धरला होता. १९६५ साली. डवरा म्हणजे उभ्या पिकातलं गवत काढायचं, बैलांनी ओढायचं औत. बैठकीत आजोबांचा वर्दीतला फोटो लावलेला आहे. पाहुणे आधी तो बघतात, लढाईचं विचारतात, आणि मग कुठूनतरी कानावर आलेलं असतं म्हणून हा प्रश्न येतोच.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यातलं, पुलगावकडचं. आजोबा फौजेत गाडीवर होते. दरसाल पेरणीला सुट्टी काढून यायचे. त्या वर्षी एप्रिलात कच्छच्या रणात चकमकी झाल्या आणि त्यांची सुट्टी गेली. पेरणी सालदारानं निभावली, पण पोळ्याच्या तोंडावर तोही तापानं आडवा पडला. इकडे पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, गवत मातलेलं. आजीनं काष्टा खोचला अन् बैल जुंपले. थोड्या दिवसांचं काम, पण गावात चर्चा झालीच. बाईनं औत धरलं की पाऊस जातो म्हणे. आजीचं उत्तर घरात अजून सांगतात: "बैलायले काय समजते, मांगं बाई हाय का बुवा हाय ते!" पाऊस त्या साली कमीच पडला, पण तो देशभरच. आमच्या डवऱ्यात एवढी ताकद असती, तर सरकारनंच तो नेला असता.

खरं सांगू, या प्रश्नाचा मला थोडा राग येतो. डवरा पुरुषाचा, म्हणून त्याची गोष्ट झाली. निंदणाची कुणी केली नाही. पात, म्हणजे पिकाची ओळ, धरून दिवसभर उकिडवं सरकत जायचं, हातात विळा, कुंद्याचं चिवट गवत निघता निघत नाही. सप्टेंबरात तिकडे लढाई पेटली तेव्हा लोक रेडिओभोवती बसायचे; आजी वावरात. रात्री ज्वारीची जागल, रानडुकरांसाठी. सोबत माझे वडील, तेव्हा पोरगेले.

मग दसऱ्यापासून वेचणी. पहाटेच्या दवातच जायचं, कारण ऊन चढलं की वाळकी पानं चुरा होऊन कापसाला चिकटतात आणि व्यापारी भाव पाडतो. उमललेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात, ती नखाच्या कडेला शिरतात. आजीची बोटं मला आठवतात ती तशीच, चिरलेली. चांगला कापूस ओटीत, कवडी, म्हणजे खराब कापूस, वेगळी. दिवाळीनंतर गाडी बाजारात गेली. विक्रीची पट्टी आजोबांच्या नावावर, सातबाराही त्यांचाच. तिचा म्हणावा असा कागद एकच, मनिऑर्डरची पावती, तिच्यावर अंगठा.

शास्त्रीजींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं होतं. आमच्याकडे ते वेगळं सांगावं लागलं नाही. त्यांची 'जय जवान, जय किसान' घोषणा त्याच वर्षीची. आमच्या घरात दोघंही होते, पण किसान म्हटलं की लोकांना आजोबाच दिसायचे, फौजेत असतानासुद्धा.

१९७१च्या जनगणनेला मास्तर आले तेव्हा आजी पऱ्हाट्या उपटायला गेलेली. त्या खेपेला प्रत्येकाचं मुख्य काम कोणतं ते विचारत होते. आजोबा तोवर पेन्शनवर घरी आले होते. त्यांनीच सांगून टाकलं, "घरकाम." मास्तरांनी लिहून घेतलं, चहा घेतला आणि पुढच्या घरी गेले.