उसने आवाज

रॅपमध्ये ‘मी’ फार. मी असा, मी तसा, माझ्या वाटेला जाल तर याद राखा. त्यात वावगं काही नाही, बढाई मारणं हा त्या कलेचा हक्कच आहे. पण अमेरिकन रॅपर केंड्रिक लमारला ऐकायला बसलं की हा ‘मी’ नेमका कोण, असा प्रश्न पडतो.

त्याच्या २०१२च्या अल्बममध्ये बारा मिनिटांचं एक गाणं आहे. त्यात सुरुवातीला बोलतो तो केंड्रिक नाहीच, भाऊ गमावलेला एक मित्र आहे. सूड उगवायच्या गोष्टी करतो, तुझा अल्बम यायच्या आत मीच गेलो तर, असं म्हणायला लागतो आणि गोळ्या सुटतात. वाक्य अर्धंच राहतं. पुढच्या कडव्यात एक बाई बोलते. आपल्या बहिणीची कहाणी केंड्रिकने आधीच्या एका गाण्यात सांगून टाकली म्हणून ती भडकलेली आहे. तुला हा नसता उद्योग सांगितला होता कुणी? मी विरून जाणार नाही, असं ती ठणकावत राहते आणि तिचा आवाज मात्र बारीक बारीक होत जातो. इअरफोनवर ऐकताना हात आपसूक आवाज वाढवायला जातो. उपयोग काही होत नाही.

ही माणसं त्याच्या कॉम्प्टनची. लॉस एंजेलिसच्या दक्षिणेचं, टोळ्यांच्या मारामाऱ्यांनी बदनाम झालेलं शहर. तिथे १९८७ साली तो जन्मला. आठ वर्षांचा असताना टुपाक आणि डॉ. ड्रे या बड्या रॅपरांच्या गाण्याचं शूटिंग त्याने वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलं. पुढे त्याच ड्रेने त्याला हाताशी धरलं. २०१५चं त्याचं ‘ऑलराइट’ हे गाणं पोलिसी अत्याचारांविरुद्धच्या मोर्चांत घोषणेसारखं गरजलं. २०१८मध्ये ‘डॅम’ या अल्बमला अमेरिकेतलं मानाचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. तोवर संगीताचं पुलित्झर शास्त्रीय आणि जॅझची वेस ओलांडून गेलंच नव्हतं.

मग २०२४मध्ये कॅनडाच्या ड्रेक या रॅपरशी जुंपली. एकाचं गाणं आलं की दुसऱ्याचं उत्तर हजर, कधी तर काही तासांत. त्यातल्या ‘नॉट लाइक अस’ने पाच ग्रॅमी पटकावले. पुढच्या फेब्रुवारीत सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, मध्यंतरात त्याला १३ कोटींहून जास्त लोकांनी पाहिलं. मला हे जरा खटकतं. इतकी वर्षं दुसऱ्यांची दुःखं निगुतीने मांडली, आणि घरोघरी पोचवलं ते भांडणाने! भांडण बघायला गर्दी जमतेच म्हणा. (ते गाणं मीही गुणगुणतो. ठेकाच चिवट आहे.)

तरी १९ जून २०२४च्या, लॉस एंजेलिसजवळच्या इंगलवूडमधल्या त्याच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ मी अधूनमधून लावतोच. हेच गाणं तो लागोपाठ पाच वेळा म्हणतो. शब्द लोकांना तोंडपाठ, तेच त्याच्यासाठी गात सुटतात. शेवटी तो सगळ्यांना फोटोसाठी स्टेजवर बोलावतो: रॅपर, बास्केटबॉलपटू, एरवी एकमेकांच्या गल्लीत पाऊल न टाकणाऱ्या टोळ्यांमधली माणसं. सगळे खेटून उभे. केंड्रिक मुळात उंचीने बेताचा, त्या दाटीत पटकन सापडतसुद्धा नाही.