अडलेली ओळ

दहावीपर्यंत गणितात अडलं की मी उदाहरण पुन्हा वाचायचे, सूत्र आठवायचे आणि गाडी पुढे सरकायची. बारावीच्या कॅल्क्युलसमध्ये ते चालेना. सगळी सूत्रं पाठ होती, तरी उदाहरण मध्येच थांबायचं. मदत मागायची कशी, हे शिकायला मला जवळजवळ वर्ष लागलं. ते एका इंटिग्रलमुळे शिकले, म्हणून आधी ते इंटिग्रलच सांगते. इंटिग्रल म्हणजे, दोन मर्यादांमध्ये आलेख आणि अक्ष यांच्यामधलं क्षेत्रफळ; अक्षाखालचं उणे धरायचं.

मर्यादा शून्य ते पाय (π). वर एक्स गुणिले साइन एक्स, खाली एक अधिक कॉस स्क्वेअर एक्स.

मी बाय पार्ट्सने, म्हणजे गुणाकाराचे दोन भाग वेगळे करून इंटिग्रेशन करायच्या रीतीने गेले. एक्स बाजूला ठेवला, उरलेल्याचं इंटिग्रेशन केलं. ते उणे टॅन इन्व्हर्स कॉस एक्स येतं (टॅन इन्व्हर्स म्हणजे ज्याचा टॅन तेवढा येतो तो कोन). इथवर छान. पण मग शून्य ते पाय टॅन इन्व्हर्स कॉस एक्स हे नवीनच इंटिग्रल समोर आलं आणि त्याला कुठलंच सूत्र लागेना. दोन संध्याकाळी त्या एका ओळीवर गेल्या. सब्स्टिट्यूशन केलं, पुन्हा बाय पार्ट्स केलं, प्रत्येक वेळी पद आणखी लांबत गेलं.

शेवटी उदाहरणाचा फोटो काढून एका ॲपवर टाकला. क्षणात पाच ओळींचं उत्तर आलं. एक्सच्या जागी पाय उणे एक्स ठेवा, दोन्ही इंटिग्रल मिळवा, वरचा एक्स निघून जातो, उरलेलं सोपं आहे, उत्तर पायचा वर्ग भागिले चार. प्रत्येक ओळ बरोबर होती. मी ते वहीत उतरवलं आणि माझ्या आधीच्या पानावर तिरकी रेघ मारली.

चार दिवसांनी चाचणीत शून्य ते पाय, एक्स स्क्वेअर साइन एक्स आलं. मर्यादा त्याच, म्हणून मी आनंदाने पाय उणे एक्स ठेवलं. सगळं सोडवत गेले तर डावीकडे मूळ इंटिग्रल, उजवीकडेही तेच, आणि बाकीची पदं एकमेकांत कटली. शून्य बरोबर शून्य! वेळ संपली. ते उदाहरण सरळ दोनदा बाय पार्ट्स केलं की सुटतं, उत्तर पायचा वर्ग उणे चार. मला येत असलेली रीत मी वापरली नव्हती, कारण आदल्या वेळी ती चुकीची ठरली असं मी धरून बसले होते.

तेव्हा गणिताच्या सरांकडे गेले. विचारलं, ''सर, ही पाय उणे एक्सची ट्रिक नेमकी कधी वापरायची?''

त्यांनी त्याचं उत्तर दिलं नाही. ''ट्रिक मिळण्याआधी तू काय केलं होतंस ते दाखव.''

मी रेघ मारलेलं पान काढलं. सरांनी ते वरपासून वाचलं, प्रत्येक ओळीखाली पेन्सिल ठेवत. इतकं सावकाश माझं चुकलेलं पान कुणी वाचलं नव्हतं. शेवटच्या ओळीशी थांबून म्हणाले, ''इथपर्यंत रीत बरोबर आहे. रेघ का मारलीस?''

''पुढे जात नाही, सर.''

''मग सोडवू नकोस. आलेख काढ.''

शून्याला टॅन इन्व्हर्स एक, म्हणजे पाय भागिले चार. मध्यावर, पाय भागिले दोनला, शून्य. पायला उणे पाय भागिले चार. मधले दोन बिंदू घेतले: पाय भागिले तीनला टॅन इन्व्हर्स अर्धा, दोन पाय भागिले तीनला तेवढंच, पण उणे. तिथे माझा हात थांबला. मध्याच्या डावीकडे जेवढं क्षेत्रफळ अक्षाच्या वर, तेवढंच उजवीकडे खाली. ते अख्खं इंटिग्रल शून्य होतं. ज्या ओळीवर मी दोन संध्याकाळी झगडले, तिथे काही सोडवायचंच नव्हतं. पहिल्या पदात मर्यादा घातल्या की पायचा वर्ग भागिले चार. संपलं.

सर तरीही थांबले नाहीत. माझ्या पानावर कोपऱ्यात मी त्या पहिल्या पदाची किंमत उणे चिन्हासह लिहून ठेवली होती. ''हे उणे येऊ शकतं का?'' शून्य ते पायमध्ये एक्स धन, साइन धन, छेद तर एकपेक्षा कमी होतच नाही. उणे येणं शक्यच नव्हतं. हे मला सुरुवातीलाच दिसायला हवं होतं. आता कुठल्याही निश्चित इंटिग्रलला हात लावण्याआधी चिन्ह काय असेल ते मी समासात लिहिते.

मग पाय उणे एक्सचा अर्थ आपोआप कळला. आलेख मधोमध घडी घालून बघायचा, एवढंच ते आहे. माझ्या रीतीत आणि त्या पाच ओळींत सममिती तीच होती. एक्स स्क्वेअरला घडी घातली की एक्स स्क्वेअर तसाच उरतो, म्हणून तिथे हाती काही लागत नाही.

त्या दिवशी सरांनी एक समीकरण सांगितलं, ते मी विसरणार नाही. एक्सचा घन बरोबर पंधरा एक्स अधिक चार. एक्स बरोबर चार हे ठेवून बघितलं तरी दिसतं. पण १५४५ साली कार्डानो या इटालियन गणितज्ञाने छापलेल्या, घन समीकरणं सोडवायच्या सूत्रात ते घातलं की उणे एकशे एकवीसचं वर्गमूळ मधे येतं. १५७२ साली बोम्बेल्ली या दुसऱ्या इटालियन गणितज्ञाने ती ओळ टाकून दिली नाही. ते वर्गमूळ खरं धरून तो पुढे गेला, दोन अधिक आय आणि दोन उणे आय (आय म्हणजे उणे एकचं वर्गमूळ) अशी दोन घनमुळं काढली, आणि त्यांची बेरीज चार आली. मी घरी येऊन दोन अधिक आयचा घन स्वतः केला. दोन अधिक अकरा आय, आणि अकरा आय म्हणजे तेच उणे एकशे एकवीसचं वर्गमूळ. मला फार भरून आलं.

पुढे सरांची अट ठरली. प्रश्न आणताना कागदावर शेवटची बरोबर ओळ, त्यापुढे काय काय करून पाहिलं, आणि ते का चाललं नाही, हे लिहिलेलं हवं. पूर्ण उत्तर ते देत नाहीत, एखादा प्रश्न विचारतात. सुरुवातीला ही अट मला कडक वाटली. पण पाच पत्रं, पाच पाकिटं, एकही पत्र आपल्या पाकिटात जाऊ नये, किती प्रकारे? हे उदाहरण घेऊन निघाले होते. 'काय करून पाहिलं' लिहायचं म्हणून आधी दोन, तीन, चार पत्रं मोजली: एक, दोन, नऊ. लिहिता लिहिता दिसलं की नऊ म्हणजे तीन गुणिले (दोन अधिक एक). मग पाचसाठी चार गुणिले (नऊ अधिक दोन). चव्वेचाळीस. असं का होतं ते मात्र सरांना विचारावं लागलं. पहिलं पत्र कुठे गेलं आणि त्या पाकिटाचं पत्र परत पहिल्यात आलं की नाही, एवढंच त्यांनी विचारलं.

सध्या शून्य ते पाय भागिले दोन, लॉग साइन एक्सवर अडले आहे. घडी घालून लॉग कॉस एक्स मिळालं, दोन्हींची बेरीज केली, आत साइन दोन एक्स भागिले दोन आलं. लॉग दोनचं पद वेगळं काढलं. आता लॉग साइन दोन एक्सचं इंटिग्रल उरलंय, आणि ते पुन्हा माझंच मूळ इंटिग्रल असावं असा संशय आहे, पण मर्यादा शून्य ते पाय होतात. कागदावर तेवढं लिहिलंय. त्याखाली आलेख काढायला जागा ठेवली आहे.